पुढाऱ्यांचा जाहीर वाद : पुण्याचा अनुभव

लोकसभेच्या निवडणुकीची धामधूम ऐन भरात असता मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश मदन लोकूर, दिल्ली उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश अजित प्रकाश शहा व ज्येष्ठ संपादक एन. राम या तिघा गृहस्थांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी व काँग्रेसचे नेते राहुल गांधी यांस एक जाहीर पत्र धाडले. उभयतांनी एखाद्या निःपक्षपाती व्यासपीठावर यावे आणि निवडणुकीतील मुख्य प्रश्नांवर लोकांसमक्ष वाद करावा, अशी विनंती त्या पत्रात होती. श्री. गांधी यांनी होकार कळविला. वाद मात्र झाला नाही. तो का झाला नाही व त्याने कोणाचा लाभ अगर तोटा झाला असता, हा आमचा विषय नव्हे. त्या निमित्ताने सुशिक्षित मंडळींत जी चर्चा झाली, तिच्यात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. अनुकूल बोलणारे अमेरिकेचा दाखला देत होते आणि प्रतिकूल बोलणारे हा अमेरिकेचा थाट आपणांस नको, असे म्हणत होते. म्हणजे प्रतिपक्षी पुढाऱ्यांनी समोरासमोर यावे ही कल्पना परदेशातून आणावयाची वस्तू आहे, हे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले होते. ज्या शहराने गेली दीडशे वर्षे वाद हाच आपला मुख्य उद्यम मानला, त्या पुण्यात बसून असे गृहीत धरले जावे याचे आम्हांस नवल वाटले. म्हणून या प्रश्नाचा विचार पुण्याच्या अनुभवाच्या आधारे करावा, असे आम्ही योजिले आहे.

आरंभीच एक भेद सांगितला पाहिजे. आपल्या न्यायशास्त्राने वाद, जल्प आणि वितंडा अशा कथेच्या तीन जाती मानल्या आहेत. तत्त्वनिर्णयाच्या हेतूने दोघे बोलतात तो वाद. जिंकण्याच्या हेतूने, प्रसंगी छलाचाही आश्रय करून, बोलतात तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष काहीच न मांडता दुसऱ्याचा केवळ मोडावयाचा ती वितंडा. आज ‘वादविवाद’ या एकाच शब्दाखाली या तिन्ही जाती खपून जातात आणि पुष्कळसा घोटाळा तेथेच होतो. दूरचित्रवाणीवर रात्री नऊ वाजता जे चालते त्यास पाहून ‘वाद नको’ असे म्हणणारा मनुष्य वस्तुतः वितंडेस कंटाळलेला असतो. तेव्हा पुढाऱ्यांनी वाद करावा काय, या प्रश्नाचे खरे स्वरूप असे आहे की, जाहीर सभेत जल्प किंवा वितंडा न होता वाद होऊ शकतो काय, आणि होत असल्यास कोणत्या अटींवर?

याचे उत्तर शोधताना १८७० सालचे प्रकरण प्रथम डोळ्यांपुढे येते. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेचा पुनर्विवाह कायदेशीर ठरला होता. परंतु कायद्याने संमत झालेली गोष्ट समाजाने संमत केली असे होत नाही. विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकाराने विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली आणि १८६९ साली मुंबईस एक पुनर्विवाह लागलाही. लगेच बहिष्काराचे शस्त्र उपसले गेले. अखेर शंकराचार्यांच्या समोर पुण्यात या प्रश्नाचा शास्त्रार्थ व्हावा असे ठरले व १८७० च्या मार्च महिन्याच्या अखेरीस तो सुरू झाला. दोन्ही पक्षांनी सारख्या संख्येने पंच नेमावे, उभय बाजूंच्या शास्त्र्यांनी वचने काढावी, त्यांचा अर्थ लावावा आणि पंचांनी बहुमताने निर्णय द्यावा, अशी व्यवस्था होती. कित्येक दिवस हे चालले होते. एवढा रीतसर, एवढा जाहीर आणि एवढ्या विद्वानांचा वाद महाराष्ट्रात क्वचितच झाला असेल. निर्णय पुनर्विवाहाच्या विरुद्ध गेला.

या वादाने काय साधले? एका दृष्टीने काहीच नाही. ज्यांस पुनर्विवाह निषिद्ध वाटत होता त्यांस तो निषिद्धच वाटत राहिला आणि विष्णुशास्त्री आपल्या मतापासून तसूभरही ढळले नाहीत. पुढे त्यांनी स्वतः एका विधवेशी विवाह केला. मात्र एक परिणाम झाला व तो अनिष्ट झाला. हा प्रश्न मतांच्या मोजणीने कायमचा सुटला, अशी एका पक्षाची समजूत झाली. स्मृतिवचनाचा अर्थ बहुमताने ठरत नाही, आणि लहानपणीच कुंकू पुसलेल्या मुलीचे दुःख तर मुळीच ठरत नाही. वादाच्या शेवटी जयपत्र द्यावयाचे म्हटले, की वाद संपून जल्प सुरू होतो. कारण मग प्रत्येकाची दृष्टी समोरच्या सत्यावरून ढळून शेजारच्या पंचाकडे वळते.

या प्रकरणास एक कडू पुरवणी आहे. पुनर्विवाहाच्या पक्षाचे एक प्रमुख महादेव गोविंद रानडे यांची पहिली पत्नी १८७३ साली वारली, आणि त्याच वर्षी वडिलांच्या आग्रहास मान देऊन त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्या मुलीने पुढे रमाबाई रानडे या नावाने पुण्याच्या स्त्रीशिक्षणाचा पाया भक्कम केला, हे तिचे व रानड्यांचेही श्रेय होय. परंतु त्या दिवशी प्रतिपक्षास जे समाधान झाले असेल, ते कोणत्याही वादातील विजयाने झाले नसते. व्यासपीठावरील बोलण्यास घरातील वर्तनाची जामीनकी लागते, हे पुण्याने तेव्हाच पाहिले.

दुसरे प्रकरण १८७५ चे. स्वामी दयानंद सरस्वती त्या वर्षी पुण्यास आले व त्यांनी येथे व्याख्यानमाला गुंफिली. त्यांच्या सन्मानार्थ मिरवणूक निघाली, तीत रानड्यांबरोबर जोतीराव फुलेही होते. प्रतिपक्षाने उत्तरादाखल एका गाढवाची मिरवणूक काढली, तिला ‘गर्दभानंद’ असे नाव दिले आणि भर रस्त्यात चिखलफेक झाली. येथे ‘चिखलफेक’ हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरीत नाही. खराच चिखल उडाला. ज्या पुण्यात पाच वर्षांपूर्वी शास्त्रवचनांचा कीस काढला गेला, त्याच पुण्यात हे घडले. योगायोग असा की, याच १८७५ सालापासून रानड्यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमालेस आरंभ झाला आणि ती आजतागायत चालू आहे. चिखलास व्याख्यानमाला हेच उत्तर असू शकते, एवढी श्रद्धा त्या पिढीपाशी होती. अर्थात व्याख्यान म्हणजे वाद नव्हे. व्याख्यानात प्रतिपक्षी श्रोत्यांत बसतो. वादात तो शेजारच्या खुर्चीवर बसतो, आणि हा फरक लहान नाही.

शेजारच्या खुर्चीची गोष्ट निघाली म्हणजे टिळक व आगरकर यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८८१ च्या जानेवारीत केसरी निघाला आणि आगरकर त्याचे संपादक झाले. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघांसही शिक्षा झाली व डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्या दिवसांविषयी आगरकरांनी जे पुस्तक लिहिले आहे, त्यात रात्री या दोन मित्रांची चर्चा इतक्या मोठ्याने चाले की, पहारेकऱ्यांस येऊन दटावावे लागे, असे वर्णन आहे. आमच्या मते पुण्याच्या इतिहासातील सर्वांत शुद्ध वाद तो हाच. तेथे श्रोते नव्हते, टाळ्या नव्हत्या, पंच नव्हते. आणि पहारेकऱ्यास ना राजकीय सुधारणेचे सोयर ना सामाजिक सुधारणेचे सुतक. सुटका होऊन दोघे बाहेर आले तेव्हा मतभेद होता तसाच होता, आणि स्नेहही होता तसाच होता.

पुढे तोच वाद वर्तमानपत्रांत आला. १८८७ साली आगरकरांनी केसरी सोडला, १८८८ साली सुधारक काढला. त्याची इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले पाहू लागले. यापुढील सात वर्षे केसरी व सुधारक यांची जी जुंपली, तिने मराठी गद्याची धार कधी नव्हे इतकी वाढली, हे कोणीही मान्य करील. आजही ते लेख वाचताना विचारांचा वेग व भाषेची पकड पाहून मन थक्क होते. परंतु त्याच लेखांत वैयक्तिक टोमणे आहेत, हेत्वारोप आहेत आणि एकेकाळी एका कोठडीत झोपणाऱ्या मित्रांनी परस्परांस दिलेल्या जखमा आहेत. वाचकांच्या समुदायात तर याहून भयंकर घडले. आगरकर जिवंत असता सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. लेखणीने केलेला वाद वाचकाच्या हातात पडला म्हणजे त्याचे काय होईल, हे लेखकाच्या स्वाधीन राहत नाही. १८९५ च्या जूनमध्ये, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी होण्याआधी, आगरकर वारले. त्यांच्यावरचा मृत्युलेख सांगताना टिळकांस वारंवार रडू कोसळले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. हे दोघे त्या सात वर्षांत महिन्यातून एकदा जरी समोरासमोर बसले असते, तर मतभेद मिटला नसता खचित. पण अश्रूंचा भार काही हलका झाला असता, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

वादाचे पर्यवसान दांडगाईत कसे होते, याचे उदाहरण याच काळातले आहे. मुलींचे संमतिवय दहावरून बारा करण्याचे विधेयक १८९१ च्या मार्चमध्ये मंजूर झाले. त्यापूर्वी पुण्यात मोठे रण माजले होते. त्या रणाची एक बाजू अत्यंत गौरवास्पद आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी धर्मशास्त्रातील आधार काढून विवाहवयावर इंग्रजीत टिपण प्रसिद्ध केले. टिळकांनी त्यांचा अर्थ अमान्य करून उत्तर दिले. सूत्रांतील शब्दाशब्दाचा खल झाला. टिळकांनी त्याआधी असेही सुचविले होते की, सुधारणा ज्यांस हवी त्यांनी परक्या सरकारचा कायदा मागण्यापेक्षा मुलीचे लग्न सोळा वर्षांपर्यंत व मुलाचे वीस वर्षांपर्यंत करणार नाही, असे बंधन स्वतःवर घालून घ्यावे. या सूचनेत डाव किती व निष्ठा किती, यावर इतिहासकारांचे मतभेद आहेत. परंतु तीत प्रतिपक्षास विचार करावयास लावण्याजोगा मुद्दा होता, यात संशय नाही. दुसरी बाजू लज्जास्पद आहे. विधेयकाच्या पुरस्कर्त्यांनी क्रीडाभुवनात भरविलेली सभा दंगा करून उधळण्यात आली. एकाच गावात, एकाच प्रश्नावर, एकाच पंधरवड्यात गृह्यसूत्रांचा खल आणि खुर्च्यांची फेकाफेक शेजारी शेजारी नांदू शकतात. सुशिक्षितपणा हा दांडगाईवरचा तोडगा नव्हे, हे पुण्यातील सुशिक्षितांनी विसरू नये.

येथवर आलो असता एक शंका आमच्या मनात उभी राहते आणि ती दडवून पुढे जाणे बरे नव्हे. १८७० च्या शास्त्रार्थात विधवांच्या भवितव्याचा निर्णय झाला. तेथे पंचांत विधवा नव्हती. १८९१ च्या वादात दहा-बारा वर्षांच्या मुलींच्या जिवाचा प्रश्न होता; त्यांची साक्ष कोणी काढली नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्यात छापून प्रसिद्ध केली, ती या मौनावरचीच चीड होय. पण त्या काळच्या सभांत तिला जागा मिळाली नाही. १८८५ साली रानड्यांनी मराठी ग्रंथकारांची सभा पुण्यात बोलाविली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी येण्यास नकार देऊन पत्र लिहिले. जे लोक आमचे मनुष्यत्वाचे हक्क मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसावयाचा नाही, असा त्याचा आशय होता. पुण्यातील वादास ते सर्वांत कठोर उत्तर होय. तुम्ही दोघे ज्या चौथऱ्यावर उभे राहून भांडता तो चौथराच आम्हांस मान्य नाही, असे म्हणणारा तिसरा मनुष्य प्रत्येक वादाच्या बाहेर उभा असतो. दोन मोठ्या पक्षांच्या दोन मोठ्या पुढाऱ्यांचा वाद ठरविणाऱ्या व्यवस्थापकांनी हा तिसरा मनुष्य कोण, हे आधी शोधले पाहिजे. त्याचा प्रश्न वादाच्या यादीत नसेल, तर तो वाद कितीही सभ्य झाला तरी अपुराच राहील.

आता वाद नाकारण्याचे परिणाम पाहू. १९०७ च्या डिसेंबरात सुरत येथे काँग्रेस भरली. नेमस्त व जहाल यांची चढाओढ विकोपास गेली होती. टिळकांनी सूचना मांडण्याची लेखी मागणी स्वागताध्यक्षांकडे केली. ती मान्य झाली नाही. तेव्हा ते व्यासपीठावर जाऊन उभे राहिले व बोलण्याचा हक्क मागू लागले; अध्यक्ष रासबिहारी घोष त्यांस बोलू देईनात. इतक्यात मंडपातून एक दक्षिणी जोडा आला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांस लागला आणि पुढे खुर्च्या व काठ्या चालल्या. जोडा कोणी टाकला यावर फार शाई खर्च झाली आहे. आमच्या मते मुख्य गोष्ट ही की, टिळकांच्या सूचनेवर चार तास वाद होऊ दिला असता, तर ती बहुमताने फेटाळली गेली असतीही. पण काँग्रेस नऊ वर्षे दुभंगलेली राहिली नसती. पराभूत पक्ष पराभव सोसतो. बोलू न देणे सोसत नाही.

याहून सूक्ष्म व आम्हांस अधिक दुःखद वाटणारे उदाहरण १९१४-१५ चे आहे. मंडालेहून सुटून टिळक १९१४ च्या जूनमध्ये पुण्यास परतले. दोन्ही पक्षांची पुन्हा एकी व्हावी म्हणून अॅनी बेझंट यांनी मध्यस्थी केली. काँग्रेसचे चिटणीस सुब्बाराव पुण्यास येऊन टिळक व गोखले या दोघांसही भेटले. गोखल्यांनी काँग्रेसचे नियोजित अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू यांस एक खासगी पत्र लिहिले. काँग्रेसमध्ये शिरून टिळक सरकारची अडवणूक करण्याचे धोरण पुढे रेटतील, असा त्यांच्या हेतूंविषयीचा अंदाज त्यात होता. पत्र गुप्त होते, पण त्याचा गवगवा झाला. मद्रासच्या काँग्रेसमध्ये टिळकांवर सरकारच्या बहिष्काराचा आरोप निघाला, टिळकांनी तारेने इन्कार केला, आणि १९१५ च्या आरंभी केसरीतून गोखल्यांवर कडक टीका सुरू झाली. गोखले तेव्हा आजाराने खंगले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते वारले. टिळक सिंहगडावर होते. ते तडक खाली आले आणि स्मशानात त्यांनी आपल्या प्रतिपक्ष्याच्या गुणांचा असा मुक्तकंठाने गौरव केला की, ऐकणारांचे डोळे भरून आले.

वाचकहो, ही दोन माणसे एकाच गावात राहत होती. एकाच महाविद्यालयात दोघांनी शिकविले होते. एकाच्या मनात दुसऱ्याच्या हेतूंविषयी शंका होती. ती विचारण्यास तांगा जोडण्याचेही कारण नव्हते, पायी जाता आले असते. ती शंका कलकत्त्यास पत्राने गेली, तेथून मद्रासेस गेली आणि वर्तमानपत्रांच्या वाटेने पुण्यास परत आली, तेव्हा तिचे विष झाले होते. यात गोखल्यांच्या सचोटीस आम्ही बोल लावीत नाही. ते सर्वथा निष्कपट होते. टिळकांचा संतापही कारणावाचून नव्हता. दोष होता तो मार्गाचा. प्रतिपक्ष्याच्या हेतूंविषयी जे आपण तिऱ्हाइतास लिहितो, ते त्याच्या तोंडावर म्हणण्याची सोय नसली, म्हणजे सज्जनांकडूनही अन्याय घडतो. समोरासमोरच्या वादाचा सर्वांत मोठा लाभ आम्हांस येथे दिसतो. समोर बसलेल्या मनुष्याविषयी वाटेल ते बोलवत नाही. आणि बोललेच, तर उत्तर तेथल्या तेथे मिळते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. आपल्या राज्यपद्धतीत अशा वादास एक ठरलेली जागा आहे. ती म्हणजे विधिमंडळ. अमेरिकेत अध्यक्ष काँग्रेसच्या सभागृहात प्रश्नोत्तरांस बसत नाही, म्हणून तेथे निवडणुकीपूर्वी उमेदवारांस समोरासमोर आणावे लागते. आमचा पंतप्रधान व विरोधी पक्षाचा नेता तर एकाच सभागृहात बसतात. मग बाहेर आणखी आखाडा कशास? हा आक्षेप आम्हांस पुष्कळ दिवस पटत असे. परंतु गोखल्यांच्याच चरित्रातील एक प्रसंग त्यास उत्तर देतो. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत व्हावे या दिशेने पहिले पाऊल म्हणून त्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले. १९१२ च्या मार्चमध्ये त्यावर वाद झाला. गोखल्यांनी आकडे मांडले, परदेशांचे दाखले दिले, प्रत्येक आक्षेपाचे खंडन केले. आणि १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक पडले. सरकारी सभासदांची मते वादापूर्वीच ठरलेली होती, तेथे बृहस्पती येऊन बोलला असता तरी निकाल तोच लागता. मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा देशव्यापी कायदा संसदेने २००९ साली केला. मध्ये सत्त्याण्णव वर्षे गेली.

आज सरकारी सभासद नाहीत. पण १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाल्यापासून पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सभासदाचे सभासदत्वच धोक्यात येते. पक्षांतराचा बाजार बंद व्हावा हा त्या कायद्याचा हेतू स्तुत्य होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, सभागृहातील भाषण ऐकून ज्याचे मत फिरावे असा श्रोता सभागृहात उरला नाही. ज्याचे मत फिरू शकते असा श्रोता आता एकच, आणि तो म्हणजे मतदार; तो सभागृहाच्या बाहेर आहे. तेव्हा वादास बाहेर यावे लागेल, हे आम्हांस आता नाइलाजाने कबूल करावे लागते.

दुसरा आक्षेप असा की, जाहीर वादात खरा मनुष्य हरतो व चतुर मनुष्य जिंकतो. यातील तथ्य आम्ही स्वानुभवाने जाणतो. महाविद्यालयात असता आम्ही एका वादस्पर्धेत भाग घेतला होता. विषय होता हुंडाबंदीच्या कायद्याचा, आणि कोणी कोणती बाजू मांडावी हे चिठ्ठी टाकून ठरे. ‘कायदा निरर्थक आहे, हुंडा ही कुटुंबाची खासगी बाब आहे’, ही बाजू आमच्या वाट्यास आली. ती आम्ही इतकी ठासून मांडली की, ढाल आम्हांसच मिळाली. ती घेऊन घरी गेलो, तेव्हा वडील ओटीवर बसले होते. त्याच महिन्यात आमच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली होती व देण्याघेण्याच्या याद्यांवर याद्या होत होत्या, हे भाषणाच्या भरात आमच्या ध्यानीही नव्हते. वडिलांनी ढाल हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि एवढेच विचारले, “छान बोललास म्हणतात. पण अरे, तुझे स्वतःचे मत काय?” आतल्या दारात ताई उभी होती. आम्हांस उत्तर देता आले नाही. वाद आणि जल्प यांतील भेद आम्ही पुढे ग्रंथांत वाचला. कळला तो त्या ओटीवर.

तथापि या अनुभवावरून वादच नको, असे अनुमान काढणे चूक होईल. दोष समोरासमोर बोलण्यात नव्हता. तो चिठ्ठीत होता व ढालीत होता. अमेरिकेतील १८५८ चा लिंकन-डग्लस वाद या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. इलिनॉय प्रांतातील सात गावी ते दोघे समोरासमोर आले. पहिल्याने एक तास बोलावे, दुसऱ्याने दीड तास, मग पहिल्याने पुन्हा अर्धा तास, अशी वाटणी होती. आणि मुख्य विषय एकच, तो म्हणजे गुलामगिरीचा विस्तार. सेनेटची जागा डग्लसला मिळाली, लिंकन हरला. परंतु त्या वादाचे शब्दशः वृत्त पुढे पुस्तकरूपाने छापून निघाले आणि १८६० साली लिंकन राष्ट्राध्यक्ष झाला. याच्या उलट २६ सप्टेंबर १९६० रोजी केनेडी व निक्सन दूरचित्रवाणीवर समोरासमोर आले, तेव्हा तर्कापेक्षा चेहऱ्याची व घामाची चर्चा अधिक झाली. ब्रिटनसारख्या संसदेच्या माहेरघरीही पक्षनेत्यांचा असा पहिला वाद १५ एप्रिल २०१० रोजी झाला. रीत एक असली, तरी तिचे फळ तिच्या अटींवर अवलंबून असते.

त्या अटी कोणत्या, हे आता पुण्याच्याच अनुभवावरून सांगता येईल. पहिली अट, जयपत्र नसावे. कोण जिंकला हे त्याच रात्री जाहीर करण्याचा सोस धरला, की १८७० चे पंच पुन्हा बसले म्हणून समजावे. दुसरी अट, प्रश्न एक व आधी ठरलेला असावा, आणि तो ठरविताना ज्यांच्या जिवावर तो बेततो त्यांस विचारावे. म्हणजे फुल्यांसारख्या मनुष्यास नकाराचे पत्र लिहावे लागणार नाही. तिसरी अट, प्रत्येकाने बोलण्यापूर्वी प्रतिपक्ष्याचे म्हणणे, त्याने मान डोलवावी इतक्या प्रामाणिकपणे, मांडून दाखवावे. आपले जुने शास्त्रकार पूर्वपक्ष असाच मांडीत. पुष्कळदा तो सिद्धान्तापेक्षाही ठसठशीत असे. चौथी अट, शब्दशः वृत्त मराठीत छापले जावे, म्हणजे सभेतील टाळी विरली तरी वाक्य उरेल व पाच वर्षांनी बोलणाऱ्यास त्याचा जाब विचारता येईल. या अटी ज्यास जाचक वाटतील त्यास वाद नको असून मिरवणूक हवी आहे, असे खुशाल समजावे. आणि मिरवणुकीत शेवटी काय उडते हे १८७५ साली पुण्याने पाहिले आहे.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. सर्वच गोष्टी लोकांसमक्ष ठरत नाहीत. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात उपोषणाने क्षीण झालेले महात्मा गांधी आंब्याखाली खाटेवर पडले होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्याशी वाटाघाट करीत होते. वर्षभरापूर्वी लंडनच्या गोलमेज परिषदेत याच दोघांनी परस्परांचा पक्ष जगासमोर खोडला होता. २४ सप्टेंबरला करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या. एका पक्षाच्या प्राणाचे दडपण दुसऱ्यावर असता झालेली ती तडजोड न्याय्य होती काय, हा वाद अद्यापि संपलेला नाही, व तो संपू नये. देवघेव बंद दाराआड होऊ शकते. पण जी बाजू आधी उघड मांडलेली असते, तीच बंद दाराआड जपता येते. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, १८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या जयंतीस डॉ. आंबेडकर पुण्याच्या गोखले सभागृहात उभे राहिले आणि रानडे, गांधी व जीना या तिघांची तुलना करून त्यांनी विभूतिपूजेवर कठोर प्रहार केला. बोलावणे रानड्यांनीच स्थापन केलेल्या डेक्कन सभेचे होते. ज्या गावाने फुल्यांचा नकार ऐकला, त्या गावास हे व्याख्यान ऐकण्यास अठ्ठावन्न वर्षे लागली. प्रगती म्हणावी तर हीच, आणि सावकाशपणा म्हणावा तर तोही हाच.

तेव्हा प्रतिपक्षी पुढाऱ्यांनी जाहीर वाद करावा काय, या प्रश्नास आमचे उत्तर होकारार्थी आहे. वादाने मने वळतात अशी आमची भाबडी समजूत नाही. टिळक-आगरकरांची वळली नाहीत. परंतु एकमेकांच्या हेतूंविषयी तिऱ्हाइतास पत्रे लिहिण्यापेक्षा, प्रतिपक्ष्याची प्रेतयात्रा काढण्यापेक्षा आणि तो वारल्यावर त्याच्या चितेपाशी त्याचे गुण आठविण्यापेक्षा, तो जिवंत असता त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसणे बरे. श्रोत्यांचे काम तेवढेच अवघड आहे. दोन्ही भाषणे ऐकून झाल्यावर घरी जावे, ओटीवर बसावे आणि कोण जिंकला हे विचारण्याआधी स्वतःस तो जुना प्रश्न विचारावा : छान बोलले खरे, पण तुझे स्वतःचे मत काय? आणि उत्तर देण्यापूर्वी आतल्या दारात कोण उभे आहे, तिकडे एकवार पाहावे.